हं आणि मग

ज्या काळी राजांची नावं गावांना ठाऊक नसत आणि गावांची नावं राजांना, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी नीट बसून ऐकावी. मोठ्यांनी दुसरं काही काम करत असल्यासारखं दाखवून ऐकावी.

एका टेकडीच्या पायथ्याशी कुंभारांची पाच घरं होती. त्यातली चार घरं दमून गाढ झोपत. पाचव्या घरातल्या राहीला मात्र झोप नव्हती. कुशीत तिची लेक बयो झोपलेली असे आणि राही तिचा श्वास ऐकत पडलेली असे. श्वास घरघरला की ती उठून बसे. श्वास सरळ चालला की तिला वाटे, आज एवढा सरळ कसा?

बयो बोलत नव्हती. तिच्या वयाची पोरं सबंध वाक्यं बोलत, चहाड्या सांगत, खोटंसुद्धा बोलू लागली होती. बयो फक्त "हं" म्हणे. भूक लागली का? हं. बाहेर जायचं का? हं. त्यात आणखी, आवा पेटला की ती खोके. राहीनं या दोन काळज्या जोडून त्यांची एक मोठी काळजी करून ठेवली होती: धूर पोरीच्या गळ्यात बसलाय, म्हणून शब्द बाहेर येत नाही. काळज्या जोडण्यात तिचा हात चांगला बसला होता. मडकी मात्र अजून वाकडी व्हायची.

आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. पाच घरांचा मिळून एकच आवा होता. कच्ची मडकी एकावर एक रचायची, भोवती गोवऱ्या आणि पाचोळा भरायचा, वरून राख-मातीचा थर द्यायचा आणि पेटवून द्यायचं. हा आवा होता राहीच्या घराच्या भिंतीला लागून. मडकी पाचही घरांची भाजली जात, धूर तेवढा एकाच घरात येई.

मडकी भाजून झाली की नाही, हे सांगायची कोंडाई. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई. ती "काढा" म्हणाली की आवा उघडायचा, तोवर कुणी हात लावायचा नाही. तिचं घर राहीच्या घरासमोर होतं. तिथून निघून, राहीच्या भिंतीवर हात फिरवत फिरवत ती आव्यापर्यंत जायची. राही सणासुदीला भिंत हौसेनं पांढऱ्या मातीनं पोतारायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्यावर चार बोटांचे मातकट पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटलेले असायचे. राही ते पुसायची आणि पुसता पुसता पुटपुटायची. म्हाताऱ्या माणसाला कोण बोलणार!

या वस्तीची एक रीत होती. आवा पेटला की कुणीतरी जागं राहावं लागे, आणि जागं राहायचं तर गोष्ट हवी. सांगणारा सांगे आणि ऐकणाऱ्यानं मधून मधून "हं" म्हणायचं. हं थांबलं की ऐकणारा झोपला असं धरून सांगणारा गोष्ट थांबवी. त्यामुळे या लोकांच्या तोंडी हं असं बसलं होतं, की गाढव ओरडलं तरी कुणीतरी पलीकडून हं म्हणायचं.

इथवर ठीक होतं. पण पुढे पुढे हेच हं बैठकीत गेलं. वस्तीचं काही ठरवायचं असलं की प्रत्येक घरातलं एक माणूस पिंपळाखाली बसे. ज्याला बोलायचं तो बोले, बाकीचे हं म्हणत. सगळ्यांचं हं आलं की हैबती हातातलं, मडकी थोपटायचं लाकडी थापटणं जमिनीवर आपटे आणि म्हणे, "ठरलं." हैबती हा राहीच्या नवऱ्याचा चुलता, म्हणून ती त्याला मामंजी म्हणे. त्याचा आवाज रांजणातून आल्यासारखा होता.

राही या वस्तीत लग्न होऊन आलेली. तिच्या माहेरी हं म्हणजे एवढंच, की कान इथे आहे, पुढे बोला. इथे हं म्हणजे मान्य. हे तिला कुणी सांगितलं नाही, कारण इतकं साधं कुणाला सांगावं लागतं हेच कुणाला सुचलं नाही.

उन्हाळ्याआधीचा मोठा आवा लावायचा होता. त्यात सबंध उन्हाळ्याचे माठ आणि रांजण भाजायचे. राहीचा नवरा गाढवं घेऊन लांबच्या बाजारांना गेलेला, म्हणून घरातर्फे तीच बैठकीला बसली. मांडीवर बयो. काय बोलायचं ते तिनं जात्यावर बसून घोकलं होतं: धूर, पोरीचा खोकला, ओढ्यापलीकडचा मोकळा माळ. आवा तिकडे न्यावा, एवढंच.

ती "मामंजी, तो धूर..." इतकं म्हणाली आणि हैबतीला धुरावरून आपले वडील आठवले. वडिलांनी हा आवा कसा बांधला, माती कुठून आणली, हे तो सांगू लागला. वडीलधारं माणूस बोलतंय म्हणून राही हं म्हणाली. मग गजरा बोलली. गजरा तिची थोरली जाऊ, पणत्या करण्यात पटाईत आणि जिभेनं त्याहून. ती म्हणाली, आहे तो आवा बरा आहे, उगाच चाळे कशाला. राहीला वाटलं, हिचं संपलं की आपण बोलू, म्हणून तिनं इथेही हं म्हटलं. शेवटच्या घरचे सटवाजी पिंपळाला टेकून बसले होते, तेही हं म्हणाले. कोंडाई हं म्हणाली. थापटणं जमिनीवर आपटलं.

"ठरलं. आवा इथंच."

सगळे समाधानानं उठले. जाता जाता गजरानं राहीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, समजूतदार आहेस हो तू." आपण नेमकं काय समजून घेतलं, याचा विचार करत राही तिथेच उभी राहिली.

माहेरच्या गावी एका पंतोजींच्या ओसरीवर बसून ती लिहा-वाचायला शिकली होती. हं कसं लिहायचं हे तिला ठाऊक होतं: एक ह काढायचा आणि त्याच्या डोक्यावर टिंब द्यायचं. त्या टिंबात आपण एक दिवस लेकरासकट अडकू, हे काही पंतोजींनी शिकवलं नव्हतं.

मोठ्या आव्याआधी जागा साफ करायची असते. हैबतीची माणसं जुनी राख उपसू लागली. अजून आगही नव्हती, नुसती राख उडाली, तर बयो खोकू लागली. खोकली, खोकली, आणि मग तिला श्वासच घेता येईना. ओठ जांभळे पडले. राहीनं तिला पालथी घेऊन पाठ थोपटली, पाणी पाजलं, ओढ्यापर्यंत पळत नेलं. मोकळ्या हवेत पोरीचा श्वास परत आला, आणि मग राहीचाही.

नुसत्या राखेनं हे, तर सबंध आव्याच्या धुरानं काय होईल?

ती तशीच, बयोला कडेवर घेऊन, कोंडाईच्या दारात गेली. वाटेत तिनं पुष्कळ शब्द जमवले होते, पण तोंडातून भलतंच निघालं.

"कोंडाई, मला माझं हं परत हवंय."

कोंडाई डाळ पाखडत होती. सूप थांबलं. "दिलेलं हं परत? असं कधी झालं नाही गं."

"मी दिलंच नव्हतं. ते ऐकल्याचं हं होतं. मानल्याचं नव्हतं."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. मग तिनं गजराच्या पोराला हाक मारून सगळ्यांना बोलवायला सांगितलं. ऐकल्याचं हं आणि मानल्याचं हं. ती स्वतःशीच म्हणत राहिली, जणू एकाच मडक्याला दोन तोंडं असल्याचं तिला आज कळलं होतं.

बैठक पुन्हा बसली. हैबतीला हे मुळीच आवडलं नाही. ठरलेलं पुन्हा उकरलं तर उद्या लग्नंसुद्धा पुन्हा ठरवावी लागतील, असं तो म्हणाला. गजरा म्हणाली, "शिकलेल्यांचं हं निराळं असतं होय? आमचं आपलं साधं असतं, नाकातून येतं."

तेव्हा सटवाजींनी विचारलं, ठरलं होतं काय? कोणीतरी सांगितलं. ते म्हणाले, "आणि मी हं म्हणालो?"

"म्हणालात की."

"मी तर झोपलो होतो."

सगळे हसले. हैबतीला हसावं की रागवावं कळेना. आजवर किती गोष्टी सटवाजींच्या झोपेवर ठरल्या असतील, हा विचार त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेला सर्वांना दिसला.

मग राही बोलली. धूर, खोकला, जांभळे ओठ, ओढ्यापलीकडचा माळ, सगळं. या वेळी तिनं श्वाससुद्धा घेतला नाही, मध्ये कोणी शिरेल म्हणून. पण ती थांबली आणि सगळे एकदम सुरू झाले. हैबती म्हणाला, माळावर वारा आहे, वाऱ्यात आवा लावतात का? गजरा म्हणाली, एवढ्या लांब, तेही उतारानं, माल डोक्यावर घेऊन कोण जाईल, माझा तर पाय...

"पायाला काय झालंय तुमच्या, जाऊबाई? बाजाराला तर पुढे असता," राहीनं तिला मध्येच तोडलं.

गजराचं तोंड मिटलं. ती दुसरीकडे पाहू लागली. राहीच्या लगेच ध्यानात आलं की आपलं कोणी पुरतं ऐकलं नाही म्हणून दिवसभर जळणारी बाई आत्ता दुसरीचं अर्धं बोलणं मोडून बसली आहे. पण शब्द निघून गेला होता.

शेवटी कोंडाईनं हात वर केला.

"आवा हलवू नका," ती म्हणाली. "मला तो इथंच हवा. कारण की..." आणि ती थांबली.

कोंडाईच नको म्हणाली, तर आता कोण हो म्हणणार? हैबती हं म्हणाला. गजरा हं म्हणाली. सटवाजी जागे होते, तेही हं म्हणाले. हैबतीनं थापटणं उचललं.

बयो राहीच्या मांडीवर बसून कोंडाईच्या तोंडाकडे पाहत होती. तिला गोष्टींची सवय होती. गोष्ट मध्येच थांबली की हं म्हणायचं, म्हणजे ती पुढे जाते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पण आज मोठ्या माणसांनी ओळीनं हं म्हटलं, तरी म्हातारीची गोष्ट पुढे जाईना. म्हणजे इथे हं पुरत नव्हतं. दुसरं काहीतरी लागणार होतं.

"मग?" बयो म्हणाली.

स्वच्छ, मोठ्यानं, शेवटी प्रश्न लावून.

पोरीला छातीशी धरावं, पुन्हा म्हण म्हणावं, बाजारापर्यंत धावत जाऊन नवऱ्याला सांगावं, असं सगळं राहीला एकदम वाटलं. पण बयो तिच्याकडे बघतच नव्हती. ती कोंडाईकडे बघत होती, उत्तराची वाट पाहत. म्हणून राही गप्प बसली. तिच्या आजवरच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत अवघड गप्प बसणं होतं.

कोंडाईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "मग काय बयो," ती हळू म्हणाली, "मग असं झालं, की एका म्हातारीला दिसेनासं झालं."

हैबतीचा हात वरच राहिला.

म्हातारीनं ते कोणाला सांगितलं नाही, कोंडाई बयोला सांगत होती. एक भिंत होती, ती धरून म्हातारी आव्यापाशी जायची. लोकांना वाटायचं, म्हातारी डोळ्यांनी आवा पाहते. ती वासानं पाहायची, तेवढं तिला पुरायचं. पण आवा लांब गेला तर तिथपर्यंत भिंत कुठली? मग ती वाटेत पडेल. मग लोक म्हणतील, तू बस आता घरात. आणि घरात बसायचं म्हणजे तिला काहीच उरत नाही.

हैबतीनं थापटणं खाली ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं.

राहीला भिंतीवरचे ते चार बोटांचे पट्टे दिसू लागले. ती एका बाईची वाट होती आणि राही दर सणाला ती पुसत आली होती.

तिला एवढंच सुचलं, की लेकीनं आत्ता जे केलं ते आपल्यालाही येतं का पाहावं. ती गजराकडे वळली. "जाऊबाई, मघाशी मी तुम्हाला तोडलं. तुमचा पाय... मग?"

गजरानं आधी नाक उडवलं. मग पदराशी चाळा केला. मग सांगितलं. गुडघा गेला होता तिचा. सपाटीवर चालतो, उतारावर दगा देतो. मागल्या खेपेला ओढ्याच्या उतारावर ती पणत्यांच्या पाटीसकट पडली. सगळ्या पणत्यांचा चुरा झाला. लाज वाटली म्हणून घरी सांगितलं, की गाढवानं लाथ मारली.

"म्हणजे त्या गाढवाला मी उगाच बोललो?" हैबती म्हणाला.

"चारही दिशांना ऐकू जाईल असं बोललात, मामंजी," गजरा म्हणाली, आणि पहिल्यांदा तीच हसली.

मग कोंडाईनं हैबतीला विचारलं, "आणि तू रे? वाऱ्याचं काय म्हणत होतास? मग?" हैबतीला असं कोणी विचारलं नव्हतं, तो विचारू देईल तर ना. तो खालच्या आवाजात बोलला आणि तो आवाज रांजणातून आल्यासारखा नव्हता. आवा पूर्वी माळावरच होता. तो लहान असताना एकदा वारा आत शिरला आणि सगळी मडकी तडकली. त्या साली पाहुण्याला पाणी द्यायला वस्तीत धड गाडगं नव्हतं. वडिलांनी आवा इथे आणला, पण त्यानंतर बैठकीत ते कधी बोलले नाहीत. माळाचं नाव निघालं की हैबतीला त्यांचं ते मिटलेलं तोंड दिसायचं.

आता सगळ्यांचं सगळं मध्ये येऊन पडलं होतं, आणि मजा अशी, की भांडायला काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते काम. दुपार कलली तरी ते बोलत होते. वाऱ्याचा विचार सटवाजींनी केला: फुटक्या खापऱ्यांचे ढीग पडलेत, ते माती घालून रचले तर आव्याला आडोशाची भिंत होईल. हैबतीनं शंका काढली, ती सर्वांनी पुरती ऐकली, आणि भिंत आणखी हातभर उंच धरली. गजराच्या पणत्या राही उतारानं नेणार होती. तेवढा वेळ बयो गजराकडे.

कोंडाईच्या वाटेचं मात्र कोणाला सुचत नव्हतं. दोरी बांधावी तर ती कुजेल, हाताला धरून न्यावं तर म्हातारी मानणार नाही. गजरानंच शेवटी म्हटलं, भाजून बिघडलेली मडकी आहेत ना, ती तिच्या दारापासून आव्यापर्यंत वाटेच्या कडेनं पालथी पुरू. तिच्या हातात काठी दिली की झालं, मडक्याला लागली की कळेल.

"सगळी सारखी नका लावू," कोंडाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "वळणावर तडकलेलं लावा. आवाजावरून मला कळेल, वळायचं."

कुंभाराच्या माणसाला मडक्याचा आवाज सांगावा लागत नाही. धड मडकं टणकन वाजतं, तडकलेलं ठप्प करतं. त्या दिवशी पहिल्यांदा बिघडलेली मडकी निवडायला सगळी वस्ती आनंदानं बसली.

मोठा आवा ओढ्यापलीकडे लागला. धूर सरळ टेकडीवरून पलीकडे गेला. बयो आपल्या अंगणात मातीत खेळत राहिली आणि खोकली नाही. आडोशामुळे आग एकसारखी चढली. वस्तीतली माणसं कान देऊन उभी होती: टण, टण, टण, ठप्प, आणि पुन्हा टण, टण. कोंडाई एकटी चालत माळावर आली. तिनं वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला आणि म्हणाली, "काढा."

एकही माठ तडकला नव्हता. राहीनं पहिला माठ उचलला आणि कोंडाईच्या हातात दिला. तिला आभार मानायचे होते, पण ते कुठून सुरू करावेत कळेना. आंधळेपण उघडं करणाऱ्या म्हातारीपासून, गुडघा उघडा करणाऱ्या जावेपासून, की त्या गाढवापासून? ती म्हातारीच्या पाया पडली. कोंडाईनं माठ वाजवून पाहिला आणि म्हणाली, "बाई, हा तुझाच. वाकडा आहे. पण आवाज चांगला आहे."

पुढच्या सणाला राहीनं भिंत पोतारली, पण मधला पट्टा सोडून. चार बोटांच्या त्या रेघा तिनं तशाच ठेवल्या. येणारे-जाणारे विचारत, एवढंच का राहिलं? ती म्हणे, ते राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे.

त्या वस्तीत तेव्हापासून हं ऐकून कोणी थापटणं आपटत नाही. बोलणाऱ्याला आधी "मग?" विचारतात, आणि तो "संपलं माझं" म्हणेपर्यंत थांबतात. बैठकी लांबतात, हे खरं. सटवाजींची झोपही नीट होत नाही.

बयोचा दुसरा शब्द कोणता येतो याची मात्र सगळ्यांनी फार वाट पाहिली. हैबती रोज गुळाचा खडा घेऊन येई आणि म्हणे, "बोल, आजोबा बोल." बयो गूळ खाई आणि हं म्हणे. राही पुन्हा काळजी करू लागली, पण आता जरा झोपून उठून.

एका संध्याकाळी उंबऱ्यात बसून तिनं बयोला हीच गोष्ट सांगितली. म्हातारीचे डोळे, जावेचा गुडघा, मामंजींच्या वडिलांचं मिटलेलं तोंड, पालथी मडकी. आणि शेवटी, गोष्टीला तात्पर्य हवं म्हणून, म्हणाली: ऐकलं म्हणजे मानलं असं होत नाही, आणि समोरच्याचं पुरतं होईपर्यंत थांबलो नाही, तर ऐकलंसुद्धा होत नाही.

"संपली गोष्ट," राही म्हणाली.

बयोनं थोडा वेळ वाट पाहिली. गोष्टीत सगळी माणसं आली होती, एक राहिलं होतं. तिनं आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मग तू?" ती म्हणाली.